फाटकाच्या आतलं शेत

ओढून न्यायच्या अवजाराला मागे लाल कापड बांधावं लागतं, एवढं थोरलीनं कुठंतरी ऐकलं होतं. चिंधी बांधून हसं करून घेणाऱ्यातली ती नव्हती. तिनं पेरणीयंत्राच्या पाठीला पलंगावरची अख्खी लाल चादर बांधली. पिकअपला जोडायला घरचा दोर घेतला आणि वर आपल्या हातची गाठ मारली. ती गाठ कुणाच्या बापाला सुटत नाही, हे ती जन्मभर सांगत आली होती.

गाडी सून चालवत होती. निघाल्या होत्या धाकट्या बहिणीच्या शेतावर. धाकटीचा नवरा गेला आणि तिच्या दिरानं चारचौघांत सांगून टाकलं, या ओलीवर पेरणी झाली नाही तर शेत मी कसणार. आपला ट्रॅक्टर मात्र तो देईना. आणि ओल होती ती आजच्यापुरतीच.

शेताच्या अलीकडच्या वळणावर पोलिसानं हात केला. चादरीनं मागचे दिवेच झाकले गेलेत, म्हणाला. थोरलीनं चादर सोडून घेतली. नाहीतरी धुळीनं मळलीच असती, म्हणाली. मग त्याची नजर दोरावर गेली. घरच्या गाडीनं अवजार ओढायचं तर जोडणीला साखळी पाहिजे, दोर चालत नाही. थोरलीनं त्याला गाठ ओढून बघायला लावलं. त्यानं जोर लावला, गाठ हलली नाही आणि नियमही हलला नाही. साखळी आणायची तर बाजार गाठायचा, तोवर दिवस हातचा गेला असता.

तेवढ्यात धाकटीचा दीर ट्रॅक्टर घेऊन हजर. जसा काही टपूनच बसला होता.

"ताई, कशाला उन्हात ताटकळताय? द्या इकडं. ओढतोही मी आणि पेरतोही मीच."

थोरलीनं त्याच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. "साहेब, माणसांनी ओढलं तर साखळी लागते का?"

पोलीस घुटमळला. नियम गाडीचे आहेत, म्हणाला, कडेकडेनं न्या.

गाठ थोरलीनंच सोडली. सासूसुनेनं दांडा धरला. धाकटी फाटकातून पळत आली, तिनं मागून रेटा दिला. यंत्र गोगलगाईच्या चालीनं सरकत होतं. दिरानं मागं हॉर्नचा सपाटा लावला. थोरली मुद्दाम घाम पुसायला थांबली.

यंत्र शेतात घालून सून रिकामी पिकअप घेऊन आली. थोरली परत दोर बांधायला बसली, तशी दिरानं मागोमाग फाटकाशी आलेल्या पोलिसाला हाक मारली, हे बघा, पुन्हा दोरच.

"रस्ता फाटकाबाहेर संपला," थोरली मान वर न करता म्हणाली. "आत शेत आहे. आणि शेत हिचं आहे."

पोलिसानं फाटकाकडं पाहिलं, दिराकडं पाहिलं आणि मोटरसायकलला किक मारली.

धाकटीनं पेटीत बी ओतलं. एक दाणाही खाली सांडू दिला नाही. पिकअप हळूहळू पुढं निघाली. थोरली मागं चालत मातीत पडणारं बी निरखत होती. बांधाशी दिराचा ट्रॅक्टर आडवा उभा होता. तिथवर आल्यावर तिनं मान उचलली.

"ट्रॅक्टर मागं घे," ती दिराला म्हणाली. "आम्हाला गाडी वळवायचीय."