दहापैकी नऊ

गल्लीत तिला सगळे खेळबाई म्हणत. चाळिशीला टेकलेली, चष्मा लावणारी बाई दिवसाढवळ्या सोफ्यावर मांडी ठोकून व्हिडिओ गेम खेळते आणि वर त्याला नोकरी म्हणते, हे शेजाऱ्यांना काही केल्या पटत नसे. पण नोकरीच होती ती. एका साप्ताहिकाच्या पुरवणीत ती गेली अकरा वर्षं घरातल्या सगळ्यांनी मिळून खेळायच्या गेमची परीक्षणं लिहीत होती. तिची जीभ तिखट आणि लेखणी त्याहून तिखट. तिने एखाद्या गेमला दहापैकी चार दिले, की दुकानदार तो खोका गुपचूप खालच्या फळीवर सरकवत.

तिची पद्धत ठरलेली होती. दोन दिवस स्वतः खेळायचं, तिसऱ्या दिवशी कंट्रोलर लेकीच्या हातात द्यायचा आणि बाजूला बसून बघत राहायचं: पोर कुठे हसते, कुठे कंटाळते, कुठे अडते. मग लिहायचं. लेक नऊ वर्षांची. अखंड बडबडायची, म्हणून घरात तिचं नाव टिटवी पडलं होतं. टिटवीचा बाबा परगावी नोकरीला, महिन्यातून दोनदा यायचा. घरात या दोघी आणि खेळबाईची आई.

ही पद्धत अकरा वर्षांत एकदाच मोडली, आणि ती 'काजव्याचं गाव'साठी.

तीस वर्षांपूर्वी हा गेम पहिल्यांदा आला, तेव्हा खेळबाई आणि तिचा दादा यांनी त्याचं अक्षरशः पारायण केलं होतं. एक इवलासा काजवा अंधारलेल्या गावातून फिरतो आणि विझलेले दिवे लावत जातो, एवढीच गोष्ट. आता तोच गेम नव्या रंगात, नव्या झळाळीत येत्या शुक्रवारी पुन्हा बाजारात येणार होता. कंपनीने आठवडाभर आधी तिच्याकडे पाठवला. पहिला सूर कानावर पडला आणि बाई पार विरघळली. सुरुवातीला पडद्यावर बारीक अक्षरांत काहीबाही सूचना आली, ती तिने नेहमीप्रमाणे बटण दाबून उडवली. निम्म्या गेमपर्यंत गेली, पुढचं तर तोंडपाठच होतं. सोमवारी एका बैठकीत लेख लिहून संपादकांकडे धाडला. दहापैकी नऊ. शेवटचं वाक्य तिला स्वतःलाच फार आवडलं होतं: 'मुलांच्या हाती कंट्रोलर द्या आणि खुशाल दुसऱ्या खोलीत जा.'

मंगळवारी दुपारी तिने नेमकं तेच केलं.

टिटवी बाहेरच्या खोलीत आईने अर्ध्यावर सोडलेला डाव पुढे खेळत होती, खेळबाई स्वयंपाकघरात भांडी विसळत होती. बाहेरून धावतं वर्णन चालू होतं. "आई, मी गुहेत आले! आई, इथे वादळ आहे! आई, काजवा भिजला गं, आता मी त्याला—"

वाक्य तिथेच तुटलं.

खेळबाईने क्षणभर वाट पाहिली. टिटवी अर्ध्यावर गप्प बसणारी पोर नव्हे. मग काहीतरी धप्पकन पडल्याचा आवाज आला.

टिटवी जमिनीवर होती. डोळे उघडे, पण बुबुळं वर गेलेली. हातपाय कुणीतरी आतून हिसके दिल्यासारखे झटकत होते, ओठांच्या कडेला फेस. आणि समोर पडद्यावर वादळाची गुहा लखलखत होती: पांढरी, लाल, पांढरी, लाल. त्या उजेडात खोलीतल्या भिंतीसुद्धा हलल्यासारख्या दिसत होत्या.

"दातखीळ बसेल तिची! चमचा घाल तोंडात, चमचा!" खेळबाईची आई आतून चमचा घेऊनच धावली.

खेळबाईचा हात चमच्याकडे गेलाही. पण तिने एव्हाना रुग्णवाहिकेला फोन लावला होता आणि दुसऱ्या हातातल्या त्या फोनवर तिथली बाई बोलत होती. "तोंडात काहीही घालू नका. दाबून धरू नका. कुशीवर वळवा. टीव्ही चालू असेल तर बंद करा. घड्याळात किती वाजले ते मला सांगा."

"तीन... तीनला दहा कमी."

"काटा बघत राहा. मी आहे फोनवर."

तीन मिनिटं. तीन मिनिटांत माणूस काय काय विचार करू शकतो, हे खेळबाईला त्या दिवशी कळलं. पोर निळी पडतेय असं वाटलं, श्वास थांबलाच असं वाटलं, पुन्हा कधी आई म्हणणार नाही असं वाटलं. मग झटके ओसरले. टिटवीने एक लांब, घोगरा श्वास घेतला आणि ती गाढ झोपी गेली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी सगळं शांतपणे विचारून घेतलं. "एकदा झटका आला म्हणजे लगेच मोठा आजार असं नाही," त्या म्हणाल्या. "काही जणांचा मेंदू भराभर उघडझाप होणाऱ्या उजेडाला असा बिथरतो. तपासण्या करू. घरात आणखी कुणाला कधी झालंय?"

"नाही," खेळबाई म्हणाली.

खोलीबाहेरच्या बाकावर येऊन बसल्यावर आई पदराशी चाळा करत राहिली आणि मग खालच्या आवाजात म्हणाली, "तुझ्या दादाला झालं होतं."

"काय झालं होतं?"

"हेच. अकरा वर्षांचा होता. तुम्ही दोघं तोच खेळ खेळत होतात."

खेळबाईला तो दिवस आठवत होता. दादा पडला, त्याला उचलून नेलं, आणि आपली पाळी हुकली म्हणून ती रुसून बसली होती. "त्याला ऊन लागलं होतं ना?"

"ऊन लागलं असं मी सांगितलं सगळ्यांना. तुझ्या वडिलांनासुद्धा. पोराला फिट येते म्हटलं की जन्मभर तेच चिकटतं गं. शाळेत, नोकरीत, लग्नाच्या बोलण्यात. पुन्हा कधी झालं नाही, मग मीही विसरल्यासारखं केलं." आईचा आवाज चिरकला. "मला वाटलं, झाकली मूठ."

रागवायला खेळबाईच्या अंगात त्राणच नव्हतं. ती पोरीच्या खाटेशी जाऊन बसली. टिटवी जरा जरी हलली तरी ती उठून बघे. लेखाची आठवण तिला झाली ती थेट बुधवारी सकाळी, नर्सने खिडकीचा पडदा सरकवला तेव्हा. खुशाल दुसऱ्या खोलीत जा.

तिने घाईघाईने संपादकांना फोन लावला. "माझा लेख थांबवा."

"आता?" संपादक हबकले. "अहो, पुरवणी काल संध्याकाळी छापून झाली. गठ्ठे पहाटेच निघाले. काय झालं काय?"

काल संध्याकाळी. म्हणजे ती दवाखान्यात बसली होती, फोन पर्समध्ये होता, आणि एका फोनने छपाई थांबली असती.

तिने सगळं सांगितलं. संपादक आधी म्हणाले, "पोर कशी आहे?" आणि ती बरी आहे हे ऐकून घेतल्यावर, "वेबसाइटवर टाकू आपण. पण उद्या कंपनी म्हणेल, एका मुलीला फिट आली, त्याला गेमच कारणीभूत कशावरून? तेव्हा माझ्या हातात काय असेल? मला काहीतरी पुरावा द्या."

पुरावा त्या गुहेतच होता. दुपारी आईला टिटवीपाशी बसवून खेळबाई घरी निघाली, तेव्हा दादाचं आणि पुराव्याचं ऐकून डॉक्टरीणबाईंनी तिला दारातच अडवलं. "तुम्ही ते दृश्य बघायचं नाही. भावाला आहे, मुलीला आहे. तुम्हाला नसेलच असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. घरी एकट्या असताना तर अजिबात नाही."

घरात चमचा अजून जमिनीवरच पडला होता. तिने तो उचलला नाही. कपाटातून जाडजूड चादर काढून टीव्हीवर टाकली, कडा नीट खोचल्या, वरून आणखी एक घोंगडी घातली. पडद्यावरचं सगळं साठवून ठेवणारी डबी तिच्याकडे कामासाठी होतीच, ती जोडली. मग कंट्रोलर हातात घेऊन झाकलेल्या टीव्हीसमोर बसली आणि आवाज वाढवला.

बघायचं नव्हतं, पण खेळायचं होतं. तीस वर्षांपूर्वीची वाट तिला कानांनी शोधावी लागणार होती. पाण्याचा आवाज डावीकडून आला की उडी. लाकडी पूल करकरला की थांबायचं. दोनदा काजवा दरीत पडला, दोनदा तिने तो टप्पा पहिल्यापासून सुरू केला. हात घामाने इतके ओले झाले होते, की बटणं निसटत होती. तिसऱ्या खेपेला पूल ओलांडला आणि गडगडाट सुरू झाला. त्यासरशी चादर उजळली. घोंगडीच्या विणीतून लाल-पांढरं काहीतरी फडफडलं आणि तिने डोळे गच्च मिटले. मिटलेल्या पापण्यांमागेही तो उजेड जाणवतोय असा तिला भास झाला. जिभेला विचित्र चव आली. हेच का ते? असंच सुरू होतं का? आत्ता मी पडले, तर मला कुशीवर वळवायला घरात कोण आहे? तिने तळहाताने एक डोळा दाबून धरला, मान फिरवली आणि एका हाताने काजव्याला पुढे ढकलत राहिली. वादळ संपलं तेव्हा ती तिथेच ओक्साबोक्शी रडली. झालं काहीच नव्हतं, ती नुसती घाबरली होती. पण असं भय तिला जन्मात कधी वाटलं नव्हतं.

नंतरचं काम सोपं होतं. साठवलेलं दृश्य संगणकावर एकेक चित्र करून पुढे सरकवायचं, म्हणजे काहीच लखलखत नाही. तिने मोजलं. एका सेकंदात अकरा वेळा अख्खा पडदा पांढऱ्याचा लाल होत होता, आणि असं सलग चौदा सेकंद. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं होतं, की सेकंदाला तीनच्या वर गेलं की धोका सुरू होतो. जुना गेम अंधुक टीव्हीवर चाले, तरी दादा पडला होता. आता त्यालाच झळाळी चढवली होती. आणि त्या झळाळीचं तिने लेखात दोन परिच्छेद कौतुक केलं होतं.

तिने आकडे आणि टिटवीचं सगळं कंपनीला कळवलं, आणि संध्याकाळी तिथल्या संपर्क अधिकाऱ्याचा फोन आला. माणूस लोण्यासारखा मऊ बोलत होता. "मॅडम, मुलीचं ऐकून फार वाईट वाटलं. पण आमच्या सगळ्या चाचण्या झाल्यात. सुरुवातीला सूचनाही असते. आपण वाचली असेलच."

बटण दाबून उडवलेली ती बारीक अक्षरं तिला आठवली.

"आणि शुक्रवारआधी दोष जाहीर करायचे नाहीत, असं आपण गेम आधी घेताना लिहून दिलंय. वकिलांना मध्ये आणायची आमची इच्छा नाही."

"शुक्रवारी तो गेम घरोघरी जाईल हो."

"शुक्रवारी लिहा ना मग."

तिने फोन ठेवला आणि संपादकांना जसंच्या तसं सांगितलं. तिला वाटलं, आता हेही कच खाणार. संपादक घसा खाकरून म्हणाले, "मीही घाबरलोय. खोटं कशाला बोलू? पण उद्या सकाळी टाकू. आकडे टाका, मुलीचं नाव नको, आणि आपलं चुकलं हे पहिल्या ओळीत हवं."

गुरुवारी सकाळी लेख वेबसाइटवर आला. दुपारपर्यंत लोक तिच्यावर तुटून पडले. आमच्या बालपणाला नावं ठेवते, पोरीच्या दुखण्याचं भांडवल करते, अतिशहाणी. खेळबाईने ते वाचलंसुद्धा नाही. तिला धास्ती होती ती वेबसाइट न बघणाऱ्यांची, छापील पुरवणी टेबलावर उघडी ठेवून पोरांना 'बघ, नऊ दिलेत' म्हणणाऱ्यांची. गुरुवार आणि शुक्रवार तिने दुकानांना फोन करण्यात घालवले. काहींनी खोक्यावर चिठ्ठी चिकटवायचं कबूल केलं, काहींनी फोन आपटला. फोन वाजला की ती दचकायची.

शनिवारी सकाळी एक अनोळखी आवाज आला. बाईमाणूस, थकलेली.

"गेमचं तुम्हीच लिहिता ना? पुरवणीत?"

"हो."

"मी दुसऱ्या खोलीत होते. तुम्ही लिहिलं होतंत, म्हणून."

खेळबाई भिंतीला धरून खाली बसली. "कशी आहे? मुलगी की..."

"मुलगी. सात वर्षांची. टेबलाच्या कडेवर पडली, समोरचे दोन दात गेले. शुद्धीवर आहे. डॉक्टर म्हणतात, ठीक होईल."

"माझी चूक आहे," खेळबाई म्हणाली. "मी गुहेपर्यंत न खेळताच लिहिलं. कळलं तेव्हा वेबसाइटवर टाकलं, पण छापलेलं परत घेता आलं नाही. माझीही मुलगी पडली."

शिव्या येतील म्हणून खेळबाई जीव मुठीत धरून थांबली. पण ती बाई एवढंच म्हणाली, "मग तुम्हाला ठाऊक आहे," आणि तिने फोन ठेवला.

रविवारी कंपनीने गेममध्ये दुरुस्ती केली. गुहेतलं वादळ मंद झालं. पत्रकात 'दृश्यानुभवात किरकोळ सुधारणा' एवढंच छापलं होतं, वकिलांचं पत्र मात्र आलं नाही. आणखी किती पोरं पडली, ते कुणी मोजलं नाही. दादाला आईने स्वतःच फोन करून सगळं सांगितलं. तो ऐकून घेऊन म्हणाला, "अगं, मला वाटायचं, मी उन्हाला घाबरतो. तीस वर्षं टोपी घालून फिरतोय मी." आई हसता हसता रडायला लागली.

टिटवीच्या तपासण्यांत दोष निघालाच. डॉक्टरीणबाईंनी पथ्य सांगितलं: झोप पुरेशी, खोलीत दिवा लावलेला, पडद्यापासून लांब. मोठेपणी कदाचित आपोआप जाईल, कदाचित नाही.

पुढच्या बुधवारी त्या थकलेल्या आवाजाच्या बाईचा पुन्हा फोन आला. "पोर खेळायला मागतेय," ती म्हणाली. "मला तर टीव्हीजवळ जायचीच भीती वाटते. तुम्ही सांगा, तिला काय देऊ?"

समोरच्या टेबलावर तीन नवे खोके पडले होते. एकावर हसरं अस्वल, एकावर आगगाडी, एकावर फुगे. खेळबाई त्यांच्याकडे बघत राहिली. पूर्वी तिने पाच मिनिटांत नाव सांगितलं असतं.

"आज नाही सांगता येणार," ती म्हणाली. "शेवटपर्यंत खेळते, मोजते, मग सांगते. आठवडा लागेल."

"चालेल," बाई म्हणाली. "आम्ही थांबतो."

फोन ठेवून तिने खिडक्या सताड उघडल्या, खोलीतला दिवा लावला आणि आईला हाक मारली, "आई, जरा इथे येऊन बस गं. मी खेळतेय तोवर माझ्याकडे बघत राहा." आई खुर्ची ओढून शेजारी बसली. खेळबाईने फुग्यांचा खोका उघडला आणि सुरुवातीची बारीक अक्षरांतली सूचना आधी वाचायला घेतली.