साठ सायकलचं घड्याळ

बाबा अमेरिकेत आले ते बॅगेत घड्याळ घेऊन. कोराडीच्या वीजकेंद्रातल्या कंट्रोल रूमचं, विजेवर चालणारं, ताटाएवढं. रिटायर होताना मित्रांनी भिंतीवरून काढून त्यांच्या हातात दिलेलं. आई गेल्यावर नागपूरच्या घरात बाबा आणि ते घड्याळ, दोघंच उरले होते. तिकीट पाठवलं तेव्हाच मी मनाशी ठरवलं होतं, आता त्यांना परत जाऊ द्यायचं नाही. त्यांनी मात्र एवढंच कबूल केलं होतं, "तीन महिने पाहतो. मग सांगतो."

नेपरव्हिलला पोचल्या दिवशीच त्यांनी माझ्या भिंतीवर खिळा ठोकला. "इथं व्होल्टेज निम्मं, माहीत आहे मला," म्हणत सोबत आणलेला ट्रान्सफॉर्मर जोडला, घड्याळ लावलं आणि झोपले. सकाळी पाहतात तर घड्याळ दीड तास पुढे.

मला हसू आवरेना. "बाबा, चौतीस वर्षं जनरेटर चालवले आणि सायकल विसरलात?"

आपल्याकडे वीज सेकंदाला पन्नास हेलकावे, म्हणजे सायकल, घेते, इकडे साठ. ते घड्याळ हेच हेलकावे मोजून चालतं, म्हणून इथे तासाला बारा मिनिटं पुढे पळतं. हे बाबांनीच मला शाळेत असताना शिकवलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. "इथं माझं काहीच बरोबर चालणार नाही पोरी," म्हणाले. मला माझ्या हसण्याची लाज वाटली. घड्याळ त्यांनी बंद मात्र केलं नाही.

मी घरापासून चाळीस मिनिटांवरच्या कोळशाच्या वीजकेंद्रात शिफ्टला जाते. ऑक्टोबरअखेर दुरुस्तीनंतर एक युनिट सुरू व्हायचं होतं. सुपरवायझरला विचारलं, तर तो म्हणाला, "ब्रिंग युवर डॅड."

कोळशाची लांबच लांब मालगाडी पाहून बाबा नुसतेच हसले. "कोळसा जाळा, पाणी उकळा, वाफेनं चाक फिरवा. इथंही तेच." पण टर्बाइनच्या कठड्यावर त्यांनी तळवा टेकला. "मिनिटाला छत्तीसशे फेरे," म्हणाले. "आमची तीन हजारावर चालायची."

कंट्रोल रूममध्ये ते हेलकाव्यांच्या मीटरसमोर उभे राहिले, ते हलेचनात. साठ. एकोणसाठ पॉइंट नव्याण्णव. परत साठ.

"बिघडलाय काय हा? हलत काहून नाही?"

"चांगला आहे बाबा."

"आमच्याकडे उन्हाळ्यात लोड वाढला की मशीनला धाप लागायची. घड्याळ दिवसाला अर्धा अर्धा तास मागं."

"इथून फ्लोरिडापर्यंत, वर कॅनडापर्यंत, हजारो मशीन तारांनी एकमेकींना जोडल्यात. सगळ्या एकाच ठेक्यात फिरतात. एक थकली की बाकीच्या तिला सावरून घेतात."

बाबांनी चष्मा काढून पुसला. दीक्षाभूमीवर लाखोंच्या गर्दीत उभं राहिल्यावर त्यांचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला होता. "हजारो," ते म्हणाले. "आणि एकीचंही पाऊल चुकत नाही."

आता माझं काम होतं. आमची मशीन त्या हजारोंत सोडायची. तिचा ठेका जुळला की नाही हे एक गोल फिरणारा काटा सांगतो. काटा संथ झाला पाहिजे आणि तो बारावर यायच्या किंचित आधी स्विच फिरवला पाहिजे. चुकलं तर असा हिसका बसतो की मशीनचा दांडाही मोडेल. लहानपणी बाबा हे मला जेवणाच्या ताटावर बोट फिरवून शिकवायचे. आज ते पाठीमागे उभे होते. दोनदा मी काटा जाऊ दिला. तिसऱ्यांदा तो संथ आला आणि मी स्विच फिरवला.

बाबांचा तळवा टेबलावर होता. जमीन हललीसुद्धा नाही. एवढी डोंगराएवढी मशीन त्या हजारोंत मिसळून गेली आणि कुणाच्या घरचा दिवा लुकलुकलाही नसेल.

"धक्काच बसला नाही," बाबा पुटपुटले. डोळे भरले होते.

घरी येताना गाडीत म्हणाले, "मी जातो पोरी."

"काहून?"

"आई गेल्यापासून तू फोनवर रडायचीस. वाटलं, परक्या मुलखात एकटी पडली. म्हणून आलो. आज पाहिलं. तू इथली झालीस."

"आणि तुमची काळजी मी कुणाला सांगू?" मी जवळजवळ ओरडलेच. मला त्यांचा भयंकर राग आला.

नोव्हेंबरातल्या एका सोमवारी सकाळी सातला, निघण्याआधी, त्यांनी घड्याळाचे काटे बरोबर सातावर लावले. "हे राहू दे इथंच. बंद नको करू."

चुकीचं घड्याळ मला कशाला? पण बंद करायचाही धीर होईना. बुधवारी संध्याकाळी कामावरून आले, बूट काढले आणि सवयीने भिंतीकडे पाहिलं. सात. मनगटावर पाहिलं. सात.

मी बोटांवर हिशेब केला. साठ तास. तेवढ्या वेळात ते बरोबर बारा तास, म्हणजे काट्याची एक पूर्ण फेरी, पुढे गेलं होतं. दर अडीच दिवसांनी ते बरोबर येणार, एकदा सकाळी सातला, एकदा संध्याकाळी सातला. म्हणजे नागपुरात साडेसहा, कधी संध्याकाळचे, कधी सकाळचे, बाबांच्या चहाची वेळ.

फोन लावला. पहिली रिंग पुरी वाजलीही नाही.

"जय भीम पोरी," बाबा म्हणाले. "आलं ना घड्याळ बरोबर?"