दुसऱ्या हाताची मूठ

मित्रांनो, मी एक जुनी कातर आहे. झुडपे आणि कुंपणे छाटणारी, बॅटरीवर चालणारी. इक्वाडोरच्या डोंगरातल्या एका दफनभूमीत, अवजारांच्या खोलीत मी टांगलेली असते.

पुढे माझी दोन दातेरी पाती, एकमेकींवर सरकणारी. त्यांच्यामागे हात वाचवणारी ढाल. मग दोन मुठी आणि प्रत्येक मुठीत एक चाप. दोन्ही चाप एकदम दाबल्याशिवाय मी हलत नाही. ज्यांनी मला घडवले, त्यांनी एवढी माया माझ्यात ठेवली होती.

मला सोइलाने आणले, वडिलांसाठी, म्हणजे ओल्मेदो चुल्दे यांच्यासाठी. ते दफनभूमीतल्या सरूच्या झाडांना आकार देत. सगळे त्यांना उस्ताद म्हणत. डाव्या हाताने फांदी धरायची आणि उजव्या हातातल्या, मेंढ्यांची लोकर कापायच्या कात्रीने छाटायची, यात त्यांचा जन्म गेला होता. आता खांदा धरला होता. आणि बायकोच्या, रोसाउराच्या थडग्याच्या उशाशी लावलेल्या सरूतून त्यांना तिच्या आवडीचा पारवा घडवायचा होता. एक पंख झाला होता, दुसरा राहिला होता.

"बाबा, दोन्ही हात हिच्यावर. फांदी सोडा बघू!"

"न धरता तिचा कल कसा कळणार गं? तू वेणी घालताना केस धरत नाहीस?"

फाटकातली फुलवाली ओर्फेलिना हसली, "घाला उस्ताद, आता लेकीच्या शाळेत नाव घाला!"

ते माझी किती निगा राखत! काम झाले की आधी बॅटरी काढत, दात्यांतला चीक पुसत, तेल देऊन पात्यांवर म्यान चढवत.

मृतांचा दिवस जवळ आला. लोक बाहुल्यांच्या आकाराचे पाव आणि जांभळी पेज घेऊन आपापल्या माणसांपाशी येतील, तोवर पंख व्हायला हवा होता. सोइला पावाचे पीठ आणायला गेली. उस्तादांनी माझ्या पुढच्या मुठीतला चाप सुतळीने आवळून बांधला आणि मोकळ्या डाव्या हाताने फांदी धरली.

फांदी झटक्याने सुटली आणि डावा हात पात्यांवर आला. त्यांनी मागचा चाप लगेच सोडला; पण माझी पाती सोडल्या क्षणी थांबत नाहीत.

दोन बोटे गेली.

जखम भरल्यावर सोइला मला घेऊन थडग्यापाशी उभी राहिली. दोन्ही मुठी घट्ट धरून म्हणाली, "सांगा बाबा, कुठे कापू?"

त्यांनी उरलेली बोटे फांदीवरून फिरवली. बराच वेळ फिरवली.

"तोंडाने नाही येत गं सांगता. हाताला येत होतं."

तिने मला खाली ठेवले. पुढे त्या सरूला कुणी पाते लावले नाही. झालेला पंखही हळूहळू पाल्यात बुजला.

मित्रांनो, माझ्यासारखी एखादी तुमच्या घरी असेल, तर तिचा चाप बांधू नका. अडकलेली काडी काढण्याआधी बॅटरी काढा. आणि दुसरी मूठ रिकामी ठेवू नका. तुमच्या हाताला काय काय येते, ते अजून तुम्हालाही ठाऊक नसेल.