घाणेरीच्या कडेची सहावी टोपली

मित्रांनो, या, पण हात लावण्याआधी नीट बघून घ्या. मी एक जुनी लोखंडी टोपली आहे. माझ्या बुडात आत्ता केळ्याच्या काळ्या साली आहेत, विड्यांची थोटके आहेत, आणि कुणीतरी अर्धा खाऊन टाकलेला पाव फुगून बसला आहे. परवा एका कावळ्याने त्यात उंदराचे शेपूट आणून ठेवले. मला स्वतःचीच शिसारी येते.

किळस हा माझा जन्माचा गुण आहे. डिचोलीच्या बाबली मेस्ताने आपल्या वेल्डिंगच्या शेडात मला घडवले, तेव्हापासूनच मी नाक मुरडते. माझा खांब म्हणजे पाण्याचा जुना नळ. बूड सळयांचे. खांबाच्या डोक्यावर एक कडे आहे आणि त्या कड्यावरून साखळ्या लोंबतात. या साखळ्या पूर्वी खनिजाच्या ट्रकांच्या फाळक्यांना होत्या. बाबलीने त्या रॉकेलमध्ये भिजत घातल्या तर रक्तासारखी तांबडी माती सुटली. ते पाहूनच मला ओंगळ वाटले. मग त्याने मला पिवळा रंग दिला आणि मी खरोखर देखणी झाले. हे मी स्वतःच सांगते आहे, कारण आता दुसरे कोणी सांगणार नाही.

मला करवून घेतले भिकाजी मास्तरांनी. मास्तर मूळचे पेडण्यातल्या इब्रामपूरचे, डिचोलीतल्या एका शाळेत कवायत शिकवायचे. एकदा ते हरमलच्या किनाऱ्यावर गेले असता तिथे काही गोरे पाहुणे झावळ्यांच्या टोपल्यांत प्लास्टिकच्या चकत्या फेकत होते. मास्तरांना त्या खेळाने वेड लावले. खेळ सोपा आहे, मित्रांनो. विटांच्या ओळीमागे उभे राहायचे आणि ताटलीएवढी चकती टोपलीकडे फेकायची. ती जिथे पडेल तिथून पुन्हा फेकायची. चकती साखळ्यांवर आपटून बुडात पडली की ती टोपली झाली, पुढच्या टोपलीकडे चला. ज्याला सगळ्यांत कमी फेकी लागल्या तो जिंकला.

नार्व्याच्या रस्त्याला लागून एक सार्वजनिक बाग होती. बाग म्हणायचे एवढेच. पोळपाटासारखी सपाट, तांबडी, कडेला चार सुरूची झाडे. मास्तरांनी मंडळ काढले, परवानगी आणली आणि तिथे आम्हां नऊ बहिणींना पुरले. मी सहावी. सपाट जागेचे मास्तरांना फार दुःख होते. “हयसर सगळा सपाट,” ते म्हणायचे. “खेळाक कायतरी आडवा येवक व्हया.” आडवे येणारे असे एकच होते आणि ते माझ्या पाठीशी होते. घाणेरीची दाट झुडपे. त्यांच्यापलीकडे ओहोळ, आणि ओहोळाकाठी बांधकामावरच्या मजुरांच्या झोपड्या. माझी टोपली भल्याभल्यांना साधत नसे. चकती जराशी सुटली की घाणेरीत.

सुरुवातीची वर्षे मानाची गेली. संध्याकाळी शाळेची मुले यायची, बँकेतले कारकून यायचे, मास्तरांच्या पत्नी विनोदिनीबाई पदर खोचून यायच्या. बाईंचा हात मास्तरांपेक्षा चांगला होता. त्यांची चकती माझ्या साखळ्यांवर आपटली की सगळी बाग वळून बघे.

पण मानाबरोबर घाण आलीच. ते दिवस गोव्याची भाषा कोणती, या वादाचे होते. एके सकाळी माझ्या खांबावर मराठीचा कागद चिकटवलेला असे, दुसऱ्या सकाळी त्याच्यावर कोंकणीचा, तिसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यांचा. दोन्हीकडच्या लोकांना आपापली भाषा स्वच्छ हवी होती. मैद्याची खळ मात्र दोघांची सारखीच आंबली, आणि मुंग्या मला लागल्या. पुढे गोवा राज्य झाले, फटाके वाजले, आणि फटाक्यांचा कचराही माझ्यातच आला.

याहून वाईट ते घाणेरीतले. ओहोळाकाठच्या बायका पहाटे तिथे परसाकडे जात. जवळपास दुसरी आडोशाची जागा नव्हती. मग संध्याकाळी एखादी चकती झुडपात पडायची आणि मुले ती दोन बोटांत धरून, तोंड वाकडे करून बाहेर आणायची. काही ती नळावर धुवायची. काही नुसती गवताला पुसून तशीच माझ्यावर फेकायची. ती माझ्या साखळ्यांतून घासत खाली येई तेव्हा मला वाटे, पुन्हा ट्रकचा फाळका व्हावे. मला त्या बायकांचा मनस्वी राग येई.

राज्य झाल्यावरच्या पहिल्या हिवाळ्यात मास्तरांनी मोठी स्पर्धा ठरवली. प्रमुख पाहुणे सपत्नीक येणार, बक्षिसे वाटणार. पाहुण्यांची चकती घाणेरीत पडली तर काय घ्या, म्हणून मंडळाने चार माणसे लावून झुडपे मुळापासून काढली. उरले उघडे मैदान, थेट ओहोळापर्यंत. मला वाटले, सुटले एकदाची.

दुसऱ्या दिवशी हौसा आली. ती बेळगावकडची, गवंड्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या बायकांची पुढारी. आवाज असा की स्लॅबवरून बोलली तर खाली रस्त्यावर ऐकू जावे. मास्तर माझ्याशेजारी आकडे रंगवीत होते.

“मास्तर, झाडी काढलासा,” ती म्हणाली. “आता बायकांनी कुटं जायाचं?”

मास्तरांनी ब्रश खाली ठेवला नाही. “हौसाबाई, ही खेळाची जागा आसा. हयसर घाण करूची न्हय.”

“घाण आमाला हौस म्हणून करायची हाय व्हय? माझी सून वर्षा सात म्हैन्याची गरवार हाय. ती काय आता दिवसभर दाबून बसणार?”

“रस्त्यापलीकडे रान आसा,” मास्तर म्हणाले.

होते. रस्त्यापलीकडे काजूचे रान होते. पण मधला रस्ता खनिजाच्या ट्रकांचा होता. पहाट झाली की एकामागून एक ट्रक धूळ उडवीत नदीकडे निघायचे, आणि खेपा वाढाव्यात म्हणून कोणी ब्रेकवर पाय ठेवत नसे. वर्षा हातात पाण्याचा डबा घेऊन कडेला उभी राहायची. ट्रक गेला की दोन पावले पुढे, दुसरा दिसला की दोन पावले मागे. पुढेपुढे तिने पाणी पिणेच सोडले. तिचा चेहरा सुकला, अंगात ताप मुरला. मग एका सकाळी ट्रकाने जोरात कर्णा वाजवला, वर्षा मागे सरताना पडली आणि डबा चाकाखाली गेला. डब्याची चपटी चकती झाली. वर्षा कशीबशी उठली, पोटावर हात ठेवून रस्त्याच्या कडेलाच बसून राहिली. त्या क्षणी माझी किळस जागा बदलून गेली, मित्रांनो. घाणेरी होती तोवर मला घाण दिसत होती. घाणेरी गेली आणि मला ती काढणारे दिसले.

त्याच दिवशी हौसा आणि तिच्या बायका जुनी लुगडी घेऊन आल्या. एक टोक माझ्या कड्याला बांधले, बाकीची चार बांबूंना, आणि ओहोळाच्या अंगाला आडोसा केला. मध्ये खड्डा खणला, कडेला मातीचा ढीग आणि खोरे ठेवले. जी जाईल तिने माती ओढून यायचे. हिरवे, जांभळे, विटके तांबडे अशी ती लुगडी होती. माझ्या पिवळ्या रंगाला ती मुळीच शोभत नव्हती, पण मी त्यांची गाठ घट्ट धरून ठेवली.

मास्तरांनी सोडायला सांगितले. हौसाने सोडली नाहीत. स्पर्धेचा दिवस उजाडला तरी लुगडी तशीच फडफडत होती. मास्तरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. पाहुणे आले, हारतुरे झाले, शहाळी फोडली, सोड्याच्या बाटल्या उघडल्या. सकाळभर सगळे पोटभर प्याले. मग उन्हे चढली आणि स्पर्धेला आलेल्या बायका एकमेकींच्या कानात कुजबुजू लागल्या. पुरुष सुरूच्या झाडांमागे जाऊन येत होते, त्यांना कसली अडचण. बागेत बायकांसाठी आडोसा म्हणून काही नव्हतेच. नऊ टोपल्या लावणाऱ्यांपैकी एकाच्याही ते ध्यानात आले नव्हते.

पाचवी टोपली झाल्यावर विनोदिनीबाई चकती हातात धरूनच मास्तरांकडे आल्या. “अहो, आमी बायल माणसांनी खय जावचा?”

मास्तर म्हणाले, “जरा कळ काढ. चारच टोपल्ये उरले.”

“पावण्यांच्या बायलेकय कळ काढूक सांगतास?” बाईंनी विचारले, आणि उत्तराची वाट न पाहता तडक माझ्याकडे आल्या. लुगड्यांच्या बाहेर हौसा बसली होती. बाई म्हणाल्या, “हौसाबाई, मी आत जाव?”

हौसाने त्यांच्या पातळाकडे पाहिले, पायांतल्या नव्या चपलांकडे पाहिले. “जावा की. फकस्त माती ओढून या.”

बाईंमागून पाहुण्यांच्या सौभाग्यवती गेल्या. त्यांच्यामागून शाळेतल्या शिक्षिका. भरजरी आणि विटकी लुगडी एका ओळीत उभी राहिली. सहाव्या टोपलीवर खेळ थांबला, आणि ओळ संपेपर्यंत पाहुण्यांना हातातली चकती उगाच फिरवीत उभे राहावे लागले. भाषणात त्यांनी बागेत शौचाची पक्की खोली बांधायला मदत देतो असे जाहीर केले. सौभाग्यवतींनी डोळे वटारले होते, ते मी पाहिले.

खोली झाली. बांधली कोणी, ते सांगायला नको. हौसाने विटा वाहिल्या, तिच्या मुलाने भिंत उभारली, वर्षा सावलीत बसून वाळू चाळत होती. नळ आला. पत्र्याचे दार बाबली मेस्ताने केले. ते बसवताना हौसाने खालून धरले होते. दार लागल्यावर तिने स्वतःच्या हाताने माझ्यावरची लुगडी सोडली आणि घड्या करून नेली.

आणि संध्याकाळी मंडळाने त्या दाराला कुलूप लावले.

खोली खेळाडूंसाठी आहे, असे ठरले. किल्ली मास्तरांकडे. विनोदिनीबाई तिथेच त्यांच्याशी भांडल्या. “जेणी बांधली तेंकाच कुलूप?”

“ती माणसा घाण करतत,” मास्तर म्हणाले. “नवी वस्तू आसा. चार दिवस तरी बरी रवांदे.”

मित्रांनो, मी पुष्कळ घाण पोटात घातली आहे. कुजलेले, आंबलेले, कावळ्याने आणलेले. पण त्या चकचकीत कुलपाकडे पाहून मला जशी किळस आली तशी कशाचीच आली नाही. वर्षाचे दिवस भरत आले होते. पुन्हा तो रस्ता, पुन्हा ते ट्रक.

दुसऱ्या दिवशी फटफटीत उजाडले होते. मास्तर लवकर आले, मंडळाच्या मंडळींना सराव होता. माझ्यापाशी येऊन ते खिळल्यासारखे उभे राहिले. खोलीचे दार माझ्या खांबाला टेकवून ठेवले होते. कुलूप त्याला तसेच, लागलेले. कोयंडाही शाबूत. बाबलीच्या बिजागऱ्या खिळ्यावर बसणाऱ्या होत्या. दार वर उचलून बाजूला ओढले की बिजागऱ्या मोकळ्या, आणि कडीचा दांडाही चौकटीच्या भोकातून निसटे. बसवताना ज्या बाईने ते धरले होते, तिने दोघींच्या मदतीने ते उचलून बाजूला ठेवले होते. दाराच्या जागी एक हिरवे लुगडे लावले होते, आणि बाहेर हौसा खराटा आणि पाण्याची बादली घेऊन उभी होती.

मास्तर लाल झाले. काही बोलण्यासाठी त्यांनी तोंड उघडले.

“मास्तर, आदी पाठ फिरवा,” हौसा म्हणाली. आवाज मोठा नव्हता. “पोर आत हाय. तिला उठाय-बसाय येळ लागतोय.”

लुगड्यामागून नळाच्या पाण्याचा आवाज आला, आणि वर्षाचा कण्हल्यासारखा एक सुस्कारा.  मास्तर वळले. पाठ खोलीकडे, तोंड बागेकडे. कवायतीत मुलांना उभे करतात तसे स्वतः ताठ उभे राहिले.

तेवढ्यात मंडळाची माणसे फाटकातून आली. हसत, चकत्या उडवीत. एकाने सहाव्या टोपलीवर नेम धरला. दुसऱ्याने दार पाहिले आणि ओरडत पुढे धावला, “मास्तर, कुलूप फोडला की काय तेंणी?”

मास्तरांनी दोन्ही हात आडवे केले. “रवा,” ते म्हणाले. “थयच रवा. आत माणूस आसा.”

सगळे होते तिथे थांबले. वर्षा बाहेर येऊन, सासूच्या खांद्याला धरून, ओहोळाकडे निघून जाईपर्यंत मास्तरांनी हात खाली घेतले नाहीत. मग त्यांनी खिशातून किल्ली काढली, कुलूप उघडले आणि खिशात टाकले. हौसा परत आल्यावर दार तिने आणि त्यांनी मिळून बसवले. त्या दाराला पुन्हा कुलूप लागलेले मी पाहिले नाही. पुढच्या महिन्यात वर्षाला मुलगी झाली.

आता तो खेळ मोडला आहे. माझ्या आठ बहिणी भंगारात गेल्या. मला कोणी उपटले नाही, एवढेच. मजूर दुसऱ्या कामावर गेले, त्यांच्या जागी दुसरे आले. मित्रांनो, जुन्या वस्तू तुमच्याकडे रंग मागतात, तेल मागतात. मी मागत नाही. माझ्यात साली टाकायच्या तर टाका, मी नाक मुरडीन आणि गिळीन. पण जाताना तेवढे त्या खोलीपर्यंत जा. नळाला पाणी येते का बघा, नसेल तर मोठ्यांच्या मागे लागा. आणि दारावर आधी टकटक करा.