आधी लोखंड

हॉस्पिटलच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीत मी बॉयलर सांभाळायचो. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा माझ्यानंतरच्या पाळीला यायचा. सगळे त्याला रेडिओ म्हणत, कारण त्याचं तोंड कधी बंद नसे.

“अरे, जरा बंद हो,” मी म्हणायचो.

“सेल संपले की होईन, दादा.”

मीच त्याला कामाला लावलं होतं. बॉयलर कसा पेटवायचा, काचेच्या नळीत पाणी कुठवर हवं, राख कधी ओढायची, सगळं शिकवलं. एक गोष्ट मात्र स्वतःपुरती ठेवली. आमच्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह जुना झाला होता. दाब हवा तितका चढायच्या आतच तो उघडायचा, वाफ फुकट जायची, वर इस्त्रीचे रूळ थंड पडायचे आणि सुपरवायझर जिन्यातून ओरडायचा, “झोपलात का खाली?” मग मी शिडीनं वर चढून व्हॉल्व्हच्या दांड्याला लोखंडाचा एक तुकडा तारेनं टांगायचो. दांडा दबलेला राही, दाब चढे, ओरडा थांबे. माझा बापही असंच करायचा. पाळी संपताना तुकडा काढून ठेवायचा, एवढीच खबरदारी.

त्या गुरुवारी तो काढायचा राहिला. विसरलो म्हणून मोकळं होता आलं असतं, पण फाटकापाशी मला आठवलं. परत जायला फार तर ऐंशी पावलं. संध्याकाळी चर्चमध्ये मंडळीची सभा होती. मला नव्यानंच पंच नेमलं होतं, आंघोळ करून नीट कपड्यांत जायचं होतं. म्हटलं, रेडिओला दिसेल. तो कधी वर चढत नाही हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी म्हटलं.

रस्ता ओलांडला आणि मागे धडाका झाला.

धावत परत आलो. वाफेच्या नळाचा सांधा फुटला होता. आत पांढरा लोट, आणि त्यात रेडिओचं ओरडणं. वाफ बंद करायचं चाक दारातच, माझ्या डाव्या हाताला होतं. मी मागच्या बाजूनं शिडी चढलो, तार सोडली, लोखंड काढलं. नंतर कितीदा तरी मनाला समजावलं, की दाब उतरावा म्हणून काढलं. पण दाबासाठी काढलं असतं, तर खाली येऊन ते राखेच्या ढिगात टाकून वर राख ओढली नसती. हे सगळं उरकल्यावर मी चाक फिरवलं आणि त्याला ओढून बाहेर आणलं. लोक म्हणाले, जिवावर उदार होऊन मेहुण्याला वाचवलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात जबाब मागितला. मी चाळिशी उलटल्यावर अक्षरं शिकलो, तीही पवित्र शास्त्र वाचता यावं म्हणून. तोवर सहीपलीकडे स्वतःच्या मनचं असं काही लिहिलं नव्हतं. त्या दिवशी पाच ओळी लिहिल्या. बॉयलर मी ठीकठाक सोपवला, पुढचं मला माहीत नाही. साहेबांनी वाचून मान डोलावली. म्हणजे चूक रेडिओची. सोमवारी बॉयलर इन्स्पेक्टर येणार होता. त्यानंही तेच लिहिलं, तर बहिणीला लाँड्रीची खोली सोडावी लागणार होती, आणि रेडिओ वाचला तरी त्याला पुन्हा कुणी बॉयलरपाशी उभं केलं नसतं.

शनिवारी हॉस्पिटलात गेलो. तो पट्ट्यांत गुंडाळून पडला होता, डोळे मिटलेले. बहीण म्हणाली, “दादा, तू प्रार्थना कर. माझ्या तोंडून शब्द फुटत नाहीत.”

मी उभा राहिलो. मोठ्यानं म्हटलं, “प्रभू, याला बरं कर.” आणि त्याच वेळी आत दुसरा आवाज चालू होता. प्रभू, याला ने. सोमवारच्या आत ने.

तो मला स्पष्ट ऐकू आला. पापावर मी मंडळीत किती वेळा बोललो होतो! मला ते चादरीवरच्या डागासारखं वाटायचं. सोडा टाकला, उकळलं, गेलं. इथं तर सूतच तसं होतं. बहीण विधवा व्हावी असं मागत होतो आणि तोंडानं आमेन म्हणत होतो.

बाहेर बाकावर आमच्या चर्चचे पाळकसाहेब बसले होते. मी विचारलं, “माणूस मुळातच वाईट असतो का हो?”

“तुमच्यासारख्यानं हे विचारावं?”

“माझ्यासारखाच विचारणार.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “पडलेला असतो. आपलं आपण उठता येत नाही.”

“मग?”

“हात देणारा आहे. पण पडलोय, असं म्हणावं लागतं.”

“तुम्ही म्हणता?”

“रोज म्हणतो,” ते म्हणाले. “आणि रोज थोडं मागे ठेवतो.”

मला वाटलं, आत्ता सांगावं. मी म्हटलं, “बसा, चहा आणतो.” आणि तसाच घरी गेलो.

रविवारी उपासनेनंतर पुन्हा गेलो, तर रेडिओ शुद्धीवर होता. बहीण चमच्यानं पाणी पाजत होती. मला पाहून तो म्हणाला, “दादा, माझ्याच हातून झालं. बडबडीच्या नादात पाणी बघायचं राहिलं असेल.”

“बोलू नकोस.”

“नाही, मला माफी मागायचीय. देवाची. तुम्ही म्हणा, मी मागनं म्हणतो.”

आणि मी म्हटलं! “प्रभू, माझ्या निष्काळजीपणाची क्षमा कर.” फाटक्या आवाजात तो मागून म्हणाला. “माझ्यामुळे घरादाराला भोगावं लागतंय.” तेही म्हणाला. पुढचं माझ्या तोंडून निघेना.

“थांब,” मी म्हटलं. “तू नव्हतास. व्हॉल्व्हवर मी लोखंड टांगलं होतं. जाताना काढलं नाही. फाटकापाशी आठवलं, तरी फिरलो नाही.”

“म्हणजे मी नव्हतो?” तो म्हणाला. दोनदा म्हणाला. मग पट्टीखालून पाणी ओघळायला लागलं. इतकं सुटल्यासारखं रडताना मी कुणाला पाहिलं नव्हतं. तीन दिवस हे ओझं मी त्याच्या उरावर ठेवलं होतं.

बहिणीच्या हातातला चमचा तसाच राहिला. “आणि काल तुझ्याकडून प्रार्थना करून घेतली मी?”

“उद्या इन्स्पेक्टरला सांगतो. जबाब खोटा होता, हेही सांगतो.”

मला हलकं वाटलं. खरं तर स्वतःचा थोडा अभिमानही वाटला, की बघा, कबूल केलं.

तेवढ्यात रेडिओ म्हणाला, “दादा, मी ओरडत होतो ना, तेव्हा कुणी येईच ना. मला वाटलं तासभर गेला. किती वेळ लागला हो खरा?”

‘लगेच आलो’ हे शब्द ओठांवर तयारच होते. ते कुठून आले? आत्ताच तर मी सगळं ओतून रिकामा झालो होतो. बहीण माझ्याकडे बघत होती.

“मी आलो होतो,” मी म्हटलं. “तू ओरडत होतास, तेव्हा मी आतच होतो. आधी वर चढलो, लोखंड काढायला. ते राखेत पुरलं. मग तुझ्याकडे आलो.”

रेडिओनं मान भिंतीकडे वळवली. त्या भाजलेल्या मानेनं ते करायला त्याला बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ मला बघत राहावं लागलं.

“बाहेर जा, दादा,” बहीण म्हणाली.

बाकावर येऊन बसलो. प्रभू, म्हटलं. पुढचा शब्द यायचा, पण तो मी बरा दिसावा म्हणून आल्यासारखा वाटायचा आणि मी सोडून द्यायचो. दुसरा यायचा, तोही तसाच. भेटीची वेळ संपली, लोक उठून गेले. मी तेवढा एकच शब्द धरून बसलो होतो, आणि आतून मला कुणी बोलावत नव्हतं.