चावलेले कुत्रे

कुत्रे पकडणाऱ्याने सकाळी पिंजरा उघडला, तेव्हा पिवळा कुत्रा मरून पडला होता. गज चावून चावून त्याचे दात तुटले होते, जबडा फाटला होता आणि फरशीभर लाळ न् रक्त सांडलं होतं. याच कुत्र्याने परवा त्याच्या सहा वर्षांच्या नातीच्या पोटरीचा लचका तोडला होता.

दोन दिवस तो जावयाच्या हातापाया पडत होता की पोरीला लस द्या. जावई ऐकेना. त्याच्या गिरणीतला कारकून लस घेतल्यावर तडफडून मेला होता, आणि कोपऱ्यावरच्या मुळीवाल्याने मुळी उगाळून लेप लावून, सुईशिवाय, कुत्रा चावलेले चाळीस जण बरे केले होते. "मामा, तुम्ही कुत्री सांभाळा. माणसांचं आम्ही बघतो," असं वर ऐकवलं होतं.

चाळीस माणसं जिवंत होती, हे खोटं नव्हतं. पण चावलेला कुत्रा दहा दिवस बांधून त्यावर नजर ठेवायची, हेच त्याचं काम. त्यामुळे त्या चाळीसही कुत्र्यांची त्याला तोंडओळख होती.

त्याने मेलेला कुत्रा गोणीत भरला, त्या चाळिसांतली तीन कुत्री दोरीला बांधली आणि तडक मुळीवाल्याचं दुकान गाठलं. दुकानात गर्दी होती. जावई उभा होता, आणि लेक पोरीला मांडीवर घेऊन नव्या लेपाची वाट बघत होती.

"हा शिंप्याला चावला, हा पहारेकऱ्याला," त्याने दोऱ्या पुढे ओढल्या. "ही कुत्री शाळेच्या बाईंना. बाईंना मुळीने बरं केलं, मग हिला कुणी केलं? पिसाळलेलं जनावर दहा दिवस काढत नाही. ही वर्षभर माझ्या हातचं खातेय."

कुणीतरी फिसकन हसलं. जावयाने कारकुनाचं नाव काढलं.

"त्याला मीच उचलून नेला, चौघांनी धरून," सासरा म्हणाला. " महिनाभर ह्याचा लेप लावला. पाणी बघून किंचाळायला लागला, तेव्हा कुठे लस घेतली."

मग त्याने गोणी उलटी केली. "आणि हा आपल्या पोरीला चावलेला. आज सकाळी मेला."

मुळीवाल्याने खलातला बत्ता उचलून त्याच्या कपाळावर हाणला. रक्त डोळ्यांत उतरलं, तरी त्याने मुळीवाल्याची मान धरून तोंड गल्ल्यावर आपटलं, दोनदा. बरण्या फुटल्या. जावयाने मागून येऊन सासऱ्याला काचांत पाडलं आणि बरगडीत लाथा घातल्या. कुत्री भुंकत सुटली.

लेकीने पोरीच्या पायाचं फडकं टराटरा फाडलं. जावई दारात आडवा आला आणि त्याने पोरीचा दंड धरला. लेकीने खाली पडलेला बत्ता उचलला आणि त्याच्या मनगटावर घातला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. पोरीला काखेत मारून ती सरकारी दवाखान्याकडे पळाली.

तिचा बाप लंगडत पोचला, तेव्हा ती नळाखाली साबणाने जखम धूत होती आणि पोर गुरासारखी ओरडत होती. जरा वेळाने जावई आला. मोडका हात छातीशी धरलेला, दुसऱ्या हातात पोरीची गळून पडलेली चप्पल.

परिचारिका सुई भरता भरता म्हणाली, "चावला तो कुत्रा जिवंत आहे का?"

लेकीने नवऱ्याकडे बघितलं.

"मेला," जावई म्हणाला. "आज सकाळी." आणि त्याने धड राहिलेल्या हाताने पोरीचा पाय घट्ट धरला.