बाळसं

माझ्या धाकट्या भावाला सगळे काडी म्हणायचे. लहानपणी तो इतका वाळलेला होता की आई त्याच्या चड्डीला सुतळी बांधायची. पुढे तो सहा फूट तीन इंच झाला, बॉक्सिंगच्या हेवीवेट गटात लढायला लागला, तरी नाव काही सुटलं नाही. रिंगमध्ये नाव पुकारलं की लोक हसायचे. मग तो खांद्यावरचा टॉवेल काढायचा आणि हसू थांबायचं.

मी त्याचा कोच. टायरच्या दुकानावर आमचा लांबट हॉल होता. खालून रबराचा वास यायचा आणि कॉम्प्रेसर सुरू झाला की जमीन थरथरायची. कोपऱ्यात पोती तोलायचा काटा होता. एका बंद पडलेल्या गोदामातून तो मी काडीसाठीच उचलून आणला होता.

बाकीच्या गटांत मुलं वजनासाठी उपाशी राहतात, थुंकून थुंकून तोंड कोरडं करतात. हेवीवेटला खालची मर्यादा असते, वरची नसते. किती वजनाने लढायचं हे नियम सांगत नाहीत, माणूस आणि त्याचा कोच ठरवतात. आमच्यात मी ठरवलं.

काडी अठ्ठ्याण्णव किलोला लढायचा. त्या वजनावर तो ओळीने अकरा लढती जिंकला. पायांत भिंगरी होती त्याच्या. मग त्याची गाठ एका क्रेन चालवणाऱ्याशी पडली. तो एकशे एकोणीस किलोचा. त्याने फारसे ठोसे मारलेच नाहीत. काडीला मिठी मारायचा आणि सगळं अंग त्याच्यावर टाकून द्यायचा. आठ राउंड काडी ते ओझं पेलत राहिला आणि गुणांवर हरला.

परत लढत ठरली. पाच महिने हातात होते. मी म्हणालो, "एकशे दहावर जायचं."

"दादा, मला माझं वजन ठाऊक आहे," काडी म्हणाला. "अठ्ठ्याण्णवला पाय माझे असतात. त्यावर गेलो की ते दुसऱ्याचे होतात."

"आणि तो अंगावर रेलला की काय करशील? पाय धरशील त्याचे?"

तो हसला. माझ्या शब्दाबाहेर तो कधी गेला नाही. वडील गेले तेव्हा तो नऊ वर्षांचा होता आणि मी एकवीसचा. त्याच्यासाठी दादा म्हणजे शेवटचा शब्द.

खाणं सुरू झालं. दिवसाला बारा अंडी, दोनदा मांस, दूध, भाताचे डोंगर. त्याची बायको कपड्यांच्या कारखान्यात कटिंगला होती. कामावर जायच्या आधी ती सगळं रांधून डबे भरून ठेवायची. "दोन मुलं झाली असती तरी एवढं शिजवावं लागलं नसतं," म्हणायची. एवढं करून वजन एकशे चारला अडलं ते अडलंच. मी रोज काट्यावर उभं करायचो आणि रोज तोंड पाडायचो.

तिसऱ्या महिन्यात त्याला ताप आला. आठवडाभर झोपून होता. उठला तेव्हा एकशे दोनवर आला होता आणि थोडा खोकत होता. मी दोनच दिवसांनी त्याला दोरीच्या उड्या मारायला उभा केला.

आणि मग वजन वाढायला लागलं. एकशे पाच. आठवड्याने एकशे सात. मग एकशे नऊ. मी खडूने भिंतीवर आकडे लिहायचो आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचो. "बघा, काडीने बाळसं धरलं," म्हणायचो. पोरं हसायची. काडीही हसायचा, पण दोरी मध्येच थांबवून भिंतीला टेकायचा.

"अंगात भरलं की दम लागतोच," मी म्हणायचो. "सवय होईल."

एका दुपारी त्याची बायको जेवणाच्या सुट्टीत हॉलवर आली. केसांत कापडाचा कचरा तसाच होता. काडी आत आंघोळीला गेला होता.

"दादा, एक विचारू? हे जेवत नाहीत हल्ली. अर्ध्याहून जास्त ताट परत येतं. मग वजन कुठून वाढतंय?"

मी म्हणालो, "व्यायामाचं अंग आहे, ते वाऱ्यावरही पोसतं."

"आडवं झोपवत नाही त्यांना. तीन उशा घेऊन बसल्यासारखे झोपतात. आणि मोजे काढले की घोट्याला खड्डा राहतो, बोट दाबलं तर भरून यायला वेळ लागतो. डॉक्टरला दाखवू या का?"

"लढत तीन आठवड्यांवर आलीय. आता डॉक्टर म्हणजे काहीतरी खुसपट काढणार. तू त्याच्या डोक्यात भीती भरू नकोस."

ती डबा उचलून गेली. हे बोलणं मी शब्दाला शब्द लिहू शकतो, कारण गेली तीन वर्षं ते माझ्या कानातून गेलेलं नाही.

लढतीच्या आदल्या दिवशी वजन आणि तपासणी झाली. एकशे बारा. क्रेनवाला आमच्याकडे बघतच राहिला आणि माझी छाती फुगली. तपासणीचा डॉक्टर घाईत होता, बाहेर अजून बारा जण रांगेत होते. रक्तदाब घेतला, डोळ्यांत बॅटरी मारली आणि विचारलं, "दम लागतो? खोकला, सूज, काही तक्रार?"

काडीने माझ्याकडे बघितलं.

"काही नाही," मी म्हणालो. डॉक्टरने टिक केली.

पहिला राउंड काडीचा झाला. त्याचे ठोसे खरोखरच जड पडत होते, आणि क्रेनवाला रेलायला आला तेव्हा काडीने त्याला नुसत्या खांद्याने मागे सारलं. मला वाटलं, माझं गणित बरोबर आलं. दुसऱ्यात त्याचे हात खाली आले. तिसरा संपून तो स्टुलावर बसला तेव्हा त्याचे ओठ निळसर दिसत होते.

"दादा, हवा येत नाही," तो म्हणाला.

"नाकाने घे. अजून तीन मिनिटं उभा राहा, तोही दमलाय."

तो उभा राहिला. चौथ्या राउंडला चाळीस सेकंद झाली असतील. कुणी मारलं नाही, धक्का लागला नाही. काडी रिंगच्या मधोमध खाली बसला, दमलेला माणूस पायरीवर बसतो तसा. क्रेनवाल्याने हात उगारला होता, तो त्याने खाली घेतला. पंचाच्याही आधी तो गुडघ्यावर बसला आणि काडीच्या तोंडातलं रबर काढलं. "याला हात लावला नाही मी," तो सगळ्यांना सांगत होता. "काहीतरी करा, याला श्वास येत नाहीये."

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाई माझ्यापेक्षा वयाने लहान होत्या. त्यांनी विचारलं, "वजन किती दिवसांत किती वाढलं, काही अंदाज?" अंदाज कशाला, मला तारखेसकट पाठ होतं. मी सांगत गेलो तशा त्या लिहिता लिहिता थांबल्या.

"हे पाणी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही ज्याला अंगात भरणं म्हणताय ना, ती सूज आहे. तापाने हृदयाचा स्नायू दुखावला. पंप कमी पडला की पाणी अंगात साठत जातं. पायांत, पोटात, फुप्फुसात. त्यावर तुम्ही व्यायाम दिलात."

"वेळेवर आलो असतो तर?"

"पूर्ण विश्रांती मिळाली असती तर कदाचित सावरलं असतं." त्यांनी कदाचित हा शब्द माझी दया येऊन घातला असावा.

औषधांनी नऊ दिवसांत त्याच्या अंगातून वीस किलो पाणी काढलं. खाली उरला तो ब्याण्णव किलोचा माणूस. मी पाच महिने जे चढवत होतो त्यातलं काही नव्हतंच, उलट त्याचं स्वतःचंच सहा किलो गेलं होतं.

तो आणखी सात महिने जगला. मी रोज सकाळी त्याला चालायला न्यायचो. आधी पोस्टाच्या पेटीपर्यंत, मग वळणावरच्या बाकापर्यंत, मग फक्त फाटकापर्यंत. एकदा बाकावर बसलेलो असताना मी बोललो. "त्या दिवशी डॉक्टरने तुला विचारलं होतं. उत्तर मी दिलं."

"मलाही तोंड होतं की, दादा."

"तू माझ्याकडे बघितलंस."

"बघितलं. मलाही जिंकायचं होतं." तो थांबून श्वास घेत होता. "आता ते उगाळू नकोस. चल, उठव मला."

मी त्याला उठवलं. दोन्ही हात त्याच्या काखेत घालून. एकेकाळी मला तो जागचा हलत नसे.

तो एका मंगळवारी दुपारी गेला, खुर्चीत बसल्या बसल्या. बायको कामावर होती. मी स्वयंपाकघरात त्याच्यासाठी पाणी मोजत होतो, कारण त्याला मोजूनच पाणी द्यायचं होतं.

महिन्याभराने मी बॉक्सिंग संघटनेच्या ऑफिसात गेलो आणि तपासणीच्या वेळी खोटं मी बोललो असं लिहून दिलं. त्यांनी माझं कोचचं कार्ड दोन वर्षांसाठी काढून घेतलं. मी परत मागायला गेलो नाही. हॉल सोडायचं ठरवलं.

सामान आवरत होतो तेव्हा त्याची बायको त्याच्या वस्तू न्यायला आली. ग्लोव्ज, बूट, दोरी, दोन टॉवेल. तिने सगळं घडी करून पिशवीत भरलं आणि बाकावर बसली.

"तुम्ही लिहून दिलंत ते कळलं मला."

"हो."

"डॉक्टरने विचारलं तेव्हा हे काहीच बोलले नाहीत?"

"नाही. माझ्याकडे बघितलं."

"कसं बघितलं?"

खोटं बोलता आलं असतं. तिला बरं वाटलं असतं, मलाही. "मी खरं सांगावं अशा आशेने," मी म्हणालो.

ती पिशवीचे बंद हातात धरून बसून राहिली. खाली कॉम्प्रेसर सुरू झाला आणि बंद झाला. मग ती उठली. मी पिशवी घेतली, तिने घेऊ दिली. जिना उतरून आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा तिने हात पुढे केला.

"इथून मी नेते, दादा," ती म्हणाली, आणि पिशवी दोन्ही हातांनी छातीशी धरून बसथांब्याकडे चालू लागली.